मदरबोर्डचा हीटसिंक बदलला आणि पीसी क्रॅश व्हायला लागला? या चुका टाळा

चिपसेटचा (यूएसबी, डिस्क वगैरे सांभाळणारी मदरबोर्डवरची चिप) छोटा फॅन घरघर करायला लागला म्हणून काढून नवीन हीटसिंक (चिपची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा तुकडा) लावला, किंवा व्हीआरएमवरचे (सीपीयूला योग्य व्होल्टेज देणारा भाग) जुने कडक झालेले थर्मल पॅड (चिप आणि हीटसिंकमध्ये बसणारी मऊ पट्टी) बदलले, पीसी चालू झाला, विंडोज आली, सगळं छान, आणि वीस मिनिटांनी धाडकन बंद. मग लोक काय करतात तर टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर उघडतात, सीपीयू ६० अंश दिसतं, म्हणजे कूलिंग ओके आहे असं धरून चालतात, आणि रॅम बदलून बघ, ड्रायव्हर उडव, विंडोज परत टाक यात दोन दिवस घालवतात. सगळ्यात मोठी चूक हीच. हात लावलात चिपसेटला आणि टेंपरेचर बघताय सीपीयूचं! जो पार्ट उघडलात त्याचंच टेंपरेचर बघा. एचडब्ल्यूइन्फो या टेंपरेचर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सरच्या लिस्टमध्ये खाली मदरबोर्डचा भाग असतो, तिथे पीसीएच (म्हणजे चिपसेटच), चिपसेट, व्हीआरएम किंवा मॉस (व्हीआरएमवरच्या मॉसफेट नावाच्या छोट्या चिप) अशा नावाने आकडा मिळतो.

बऱ्याच बोर्डांवर व्हीआरएमचा सेन्सरच नसतो, तेव्हा हात लावून बघायचं. क्रॅश झाल्या झाल्या पॉवर सप्लायचं बटण बंद करा, वायर काढा आणि नवीन हीटसिंकला बोट हळूच, क्षणभर टेकवा. तो चटका बसेल इतका गरम असेल तर चिपची उष्णता त्याच्यापर्यंत पोचतेय, फक्त हवा कमी पडतेय किंवा हीटसिंक लहान पडतोय. पण पीसी गरम होऊन बंद पडल्यासारखा वाटतोय आणि हीटसिंक मात्र गारच, तर तो चिपला टेकलेलाच नाही असं जवळजवळ नक्की समजा. लोक उलटं समजतात, गार आहे म्हणजे छान काम करतोय.

आता टेकत का नाही, तर बहुतेक वेळा पॅडच्या जाडीमुळे. पॅड ०.५, १, १.५, २ मिमी असे मिळतात आणि अर्ध्या मिलिमीटरने सगळा खेळ बिघडतो. हे मी स्वतः भोगलंय. एका बोर्डवर व्हीआरएम आणि चिपसेट दोन्हीवर मिळून एकच हीटसिंक होता, मध्ये उष्णता नेणारी नळी म्हणजे हीटपाइप, मी व्हीआरएमच्या बाजूला १ च्या जागी १.५ मिमीचा पॅड लावला कारण जाड म्हणजे चांगला दाबून बसेल असं वाटलं, आणि तिकडून उचलला गेल्यामुळे चिपसेटकडची बाजू केसभर वर राहिली. व्हीआरएम एकदम थंड, पण कीबोर्ड माऊस मध्येच बंद, डिस्क गायब, मग सगळं गोठून जायचं. कारण सापडायला आठवडा गेला आणि दुरुस्तीला लागली दहा मिनिटं.

म्हणून जुना पॅड फेकू नका, तो मोजा. दबलेल्या जागी जी जाडी येते तीच चिप आणि हीटसिंकमधली खरी फट, नवीन पॅड त्याहून थोडाच जास्त हवा, म्हणजे ०.८ आली तर १ मिमीचा घ्या. बरेच जास्त वॅट प्रति मीटर-केल्विनवाले (उष्णता किती चांगली वाहते त्याचा आकडा) पॅड कडक असतात, ते कमी दबतात, त्यामुळे फक्त तो आकडा बघून घेऊ नका. जिथे कंपनीने पॅड दिलाय तिथे थर्मल पेस्ट लावून भागत नाही, फट मोठी असते, पेस्ट ती भरू शकत नाही. आणि जिथे पेस्ट होती तिथे पॅड टाकला की हीटसिंक वर राहतो.

बसवून झाल्यावर एकदा परत उघडून ठसा बघा, कितीही कंटाळा आला तरी. पॅडवर प्रत्येक मॉसफेटचा चौकोन उमटलेला दिसला पाहिजे, पेस्ट असेल तर सगळीकडे पसरलेली. उघडल्यावर पेस्ट मात्र पुसून नवीन लावा. आणि हो, पॅडला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकची फिल्म असते, एक निघते आणि दुसरी पारदर्शक असल्यामुळे तशीच राहते, हे फार होतं.

स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही, नाहीतर उघड्या चिपचा कोपरा उडू शकतो. सीपीयू कूलर बदलला असेल तर एकीकडे जास्त जोर लागल्यामुळे रॅमचा एक चॅनलच गायब होऊ शकतो, मग रॅम खराब समजून नवीन आणली जाते. आधी कूलर जरा सैल करून बघा. लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी लावतात तो पातळ धातू, बोर्डवर नकोच, ते वीज वाहून नेतं आणि त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं.

फॅनचं थोडक्यात. तीन पिनचा फॅन व्होल्टेजवर कमीजास्त होतो, चार पिनचा पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग सांगणाऱ्या वेगळ्या सिग्नलवर. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डचं सेटिंग) मोड चुकला तर तीन पिनचा सतत फुल फिरतो, किंवा चार पिनचा कमी व्होल्टेजला सुरूच होत नाही. चिपसेटचे छोटे फॅन यात हमखास अडकतात. फॅन फिरतोय का हे डोळ्यांनी बघा.

क्रॅश कधी होतो यावरूनही खूप कळतं. फक्त लोडवर, आणि सीपीयूचं क्लॉक आधी एकदम खाली पडत असेल तर व्हीआरएम. यूएसबी आणि साटा (डिस्कची वायर जोडायची जागा) डिस्क जात-येत असतील तर चिपसेट. बायोसमध्येच मिनिटभरात बंद पडत असेल तर सीपीयू कूलर, त्याची वायर किंवा त्याखाली राहिलेलं स्टिकर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदीत, कर्नल-पॉवर ४१ सापडेल, त्याच्या डिटेलमध्ये बगचेक कोड (ब्लू स्क्रीनचा नंबर) ० असेल तर ब्लू स्क्रीन न येता थेट वीज तुटली किंवा सगळं गोठलं, म्हणजे बहुधा जास्त तापणं, शॉर्ट किंवा पॉवर सप्लाय. तिथे २९२ असेल तर ती व्हिया एरर, म्हणजे हार्डवेअरनेच चूक कळवलीय.

आणि विंडोज उघडायच्या आधीच इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून ब्लू स्क्रीन येत असेल तर पॅड उचकटू नका. हीटसिंक काढताना बोर्डवरचा गोल सेल निघाला होता का ते आठवा, तो निघाला की बायोसच्या सेटिंग डिफॉल्टवर जातात, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आधी रेड असेल तर एएचसीआय होऊ शकतो आणि विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही. मोड पूर्वीसारखा केला की चालू. तसंच सीपीयूजवळची आठ पिनची वायर आणि रॅम कामाच्या धांदलीत सैल झालीय का तेही दाबून बघा.

एवढं करूनही काही न चालवता क्रॅश होत असेल तर बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून चालवा. तिथे चालला तर हीटसिंकचा स्क्रू किंवा कॅबिनेटचा एखादा खुंट (ज्यावर बोर्ड बसतो तो) मागे कुठेतरी टेकतोय. तिथेही पडला तर हीटसिंक काढून भिंगाने चिपचे चारही कोपरे बघा. टवका उडालेला दिसला तर पॅड-पेस्टने काही होणार नाही, बोर्ड चिप लेव्हल रिपेअर करणाऱ्याला दाखवा.