पेमेंट क्षेत्रात परदेशी बाजार उभारायचाय? रावेर-जळगावात बसून करायची तयारी

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून एमडीआर (व्यवहारामागे दुकानदाराला पडणारी फी) घेता येत नाही. देशात व्यवहार धो धो, त्यावर कमाई मात्र तुटपुंजी. म्हणून इथल्या पेमेंट कंपन्या बाहेरच्या देशांत पाय रोवायला बघतात आणि बाहेरच्यांना आपल्या आयात-निर्यातीच्या पैशात वाटा हवा असतो. या दोघांच्या मधे जो माणूस लागतो तो इंटरनॅशनल बीडीवाला, म्हणजे परदेशात धंदा वाढवणारा (बीडी = बिझनेस डेव्हलपमेंट). देश निवडायचा, तिथली बँक किंवा भागीदार शोधायचा, करार करायचा, आणि सही झाल्यावर पहिला खरा व्यवहार पडेपर्यंत दोन्हीकडच्या टीमच्या मागे लागायचं. हे शेवटचं काम नोकरीच्या जाहिरातीत नसतं, पण वर्षाचा बराच वेळ तेच खातं.

तयारीची सुरुवात कोर्सने करू नका. एका खऱ्या व्यवहाराची फाइल मिळवा आणि पैसा कुठून कुठे गेला ते कागदावर काढा. खान्देशात ही सोय आयती आहे. रावेर-सावद्याची केळी रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधून आखातात जातात. ओळखीतल्या निर्यातदाराकडे किंवा त्याच्या सीएकडे बसून एका कंटेनरचे कागद पाहा: इनव्हॉइस, शिपिंग बिल (कस्टम्सकडचा निर्यातीचा कागद), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि बँकेने दिलेला पैसे आल्याचा दाखला. नाव-रक्कम झाकून मिळाले तरी चालतील.

समजा इनव्हॉइस १२,००० डॉलरचं आहे आणि खात्यावर आले ११,९७५. मधले २५ डॉलर वाटेतल्या करस्पाँडंट (दोन बँकांमधल्या मध्यस्थ) बँकेने कापले, कारण पाठवणाऱ्याने शुल्काच्या रकान्यात ‘ओयूआर’ऐवजी (सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं) ‘एसएचए’ (शुल्क दोघांत वाटून) निवडलं होतं. निर्यातदार या २५ डॉलरवरून चिडलेला असतो. आता दर बघा. त्या वेळी बाजारात डॉलर ८५ रुपये होता आणि बँकेने ८४.४० दिला असं धरा, तर साठ पैशांच्या फरकाने सुमारे ७,२०० रुपये गेले. म्हणजे दिसणाऱ्या कपातीच्या तिपटीहून जास्त न दिसणाऱ्या दरात. परदेशी पेमेंटची निम्मी विक्री या एका हिशोबावर होते. समोरच्याच्या शेवटच्या तीन व्यवहारांवर तो दोन मिनिटांत करून दाखवता आला पाहिजे.

त्याच फाइलमध्ये पर्पज कोड, म्हणजे पैसा कशासाठी आला ते सांगणारा कोड, शोधा. मालाआधी आलेल्या ॲडव्हान्सला पी०१०३, वसुलीला पाठवलेल्या निर्यात बिलाच्या पैशाला पी०१०२, सॉफ्टवेअर सल्ला सेवेला पी०८०२. कोड चुकला तरी पैसा येतो, आणि म्हणूनच ही चूक उशिरा कळते. शिपिंग बिल रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या निर्यातीच्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीत उघडंच राहतं, काही महिन्यांनी बँकेचं पत्र येतं आणि बिचारा निर्यातदार पैसे मिळूनही थकबाकीदार दिसतो. हे सोडवून देणारी कंपनी दोन पैसे जास्त घेते तरी ग्राहक टिकतो.

निर्बंधांचा अभ्यासही इथूनच होतो. आपली केळी इराणला जातात, पण इराण अमेरिकी निर्बंधांखाली आहे आणि एफएटीएफ या मनी लाँडरिंगविरोधी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या काळ्या यादीतही. डॉलरमधला नेहमीचा रस्ता बंद, त्यामुळे पेमेंट कंपनीने तिथे हात घालायचा प्रश्नच येत नाही. म्यानमारही ऑक्टोबर २०२२ पासून त्याच यादीत आहे, आणि तूर-उडीद तिथून भारतात येतात. जळगावच्या डाळ मिलवाल्यांना हे ऐकून माहीत असतं. पण म्यानमारबाबत सांगितलंय ते जास्तीच्या तपासणीचं, व्यवहार तोडण्याचं नाही. एक दार बंद, दुसरं कुरकुरत उघडणारं. मुलाखतीत ‘दोन्ही हाय रिस्क’ म्हणून मोकळा होणारा उमेदवार आणि हा फरक सांगणारा उमेदवार लगेच वेगळे ओळखू येतात.

यानंतर कार्डाचं गणित. कार्ड देणारी बँक, दुकानदाराची बँक, दुकानदार, ग्राहक आणि मधे व्हिसा किंवा मास्टरकार्ड, एवढी मांडणी तोंडपाठ हवी. युरोपियन युनियनने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या डेबिट कार्डावर इंटरचेंज (दुकानदाराची बँक कार्ड देणाऱ्या बँकेला देते ती फी) जास्तीत जास्त ०.२ टक्के आणि क्रेडिटवर ०.३ टक्के इतकं बांधून टाकलंय. महिन्याला १० लाख युरोची क्रेडिट कार्ड विक्री करणारी ट्रॅव्हल कंपनी तुम्ही ०.९ टक्क्याने आणली असं धरा. फी ९,००० युरो. त्यातून ३,००० इंटरचेंजला गेले, स्कीम फी (व्हिसा-मास्टरकार्डची फी) आणि प्रोसेसिंग ०.२५ टक्के धरलं तर २,५०० त्यात. राहिले ३,५००. आता ती कंपनी बुडाली. प्रवासी चार्जबॅक टाकतात, म्हणजे आपल्या बँकेमार्फत पैसे परत मागतात, त्याची मुदत साधारण १२० दिवसांची, आणि दुकानदार जागेवर नसेल तर पैसे दुकानदाराच्या बँकेला भरावे लागतात. एका महिन्याची विक्री परत करावी लागली तर तेवढं नफ्यातून भरून काढायला जवळपास चोवीस वर्षं लागतील! म्हणून रिस्क टीम विक्रीतले १० टक्के रोलिंग रिझर्व्ह, म्हणजे अनामत, म्हणून सहा महिने अडकवून ठेवायला सांगते. बीडीवाला आणि रिस्क टीमची भांडणं ठरलेली असतात, पण हा हिशोब येणाऱ्याची भांडणं लवकर मिटतात.

परवान्यांसाठी प्रत्येक देशाचं एक पान करा. पण दहा देश घेऊ नका, दोन कॉरिडॉर (पैसा ज्या दोन देशांत ये-जा करतो ती जोडी) घ्या. भारत-यूएई आणि भारत-सिंगापूर पुरे. भारताच्या पानावर रिझर्व्ह बँकेचे पेमेंट ॲग्रिगेटरचे (दुकानदारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांचे) सप्टेंबर २०२५ चे निर्देश, ज्यांनी ३१ ऑक्टोबर २०२३ च्या क्रॉस बॉर्डर परिपत्रकाची जागा घेतली, एका व्यवहाराला २५ लाखांची मर्यादा, बिगर-बँक कंपनीला अर्जावेळी १५ कोटी आणि पुढे २५ कोटी नक्त मालमत्तेची अट, आणि पेमेंटचा डेटा भारतातच ठेवण्याचा एप्रिल २०१८ चा आदेश. हा शेवटचा मुद्दा परदेशी भागीदाराला पहिल्याच बैठकीत सांगा, नाहीतर त्यांचा तांत्रिक आराखडा तीन महिन्यांनी पुन्हा काढावा लागतो. सिंगापूरच्या पानावर पेमेंट सर्व्हिसेस ॲक्ट २०१९ आणि स्टँडर्ड-मेजर परवान्यातला फरक: एकाच सेवेत महिन्याला ३० लाख सिंगापूर डॉलरपुढे गेलात की मेजर लागतो. अमेरिका सध्या बाजूला ठेवा. तिथे राज्यागणिक मनी ट्रान्समिटर (पैसे पाठवण्याचा) परवाना आणि वर फिनसेन या केंद्रीय यंत्रणेची नोंदणी. नवख्याने तिथे डोकं घातलं की वर्ष गेलं.

प्रत्येक पानाच्या मागे बाणांची आकृती हवी: पैसा कोणाच्या खात्यात थांबतो, रात्रभर कोणाच्या नावावर असतो, चलन कुठे बदलतं, केवायसी कोण करतं, परवाना कोणाचा वापरला जातो. या आकृतीला फ्लो ऑफ फंड्स म्हणतात आणि भागीदार बँकेचा कम्प्लायन्सवाला (नियमपालन बघणारा) दर वेळी तीच आधी मागतो. आकृतीत ‘एस्क्रो’ (तिऱ्हाइताकडे राखून ठेवलेलं खातं) असं मोघम लिहून बाण पुढे नेला तर प्रस्ताव तिथेच अडतो. खातं कोणत्या बँकेत, कोणाच्या नावे, हे लिहा.

यूपीआय परदेशात गेलं, हे वाक्य मुलाखतीत सरधोपट टाकू नका. त्यात तीन वेगळे धंदे आहेत. सिंगापूरच्या पेनाऊ या झटपट पेमेंट यंत्रणेशी फेब्रुवारी २०२३ मध्ये झालेली जोडणी व्यक्तीकडून व्यक्तीला पैसे पाठवायची, सुरुवातीला दिवसाला ६०,००० रुपयांपर्यंत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरला सुरू झालेली सोय भारतीय पर्यटकाने क्यूआर स्कॅन करायची. फ्रेंच माणसाला तिचा उपयोग नाही. आणि नामिबिया, पेरू या देशांशी २०२४ मध्ये झालेले करार त्यांना त्यांची स्वतःची यूपीआयसारखी यंत्रणा उभारून देण्याचे. पहिल्यात ग्राहक बँका, दुसऱ्यात दुकानदारांची नेटवर्क, तिसऱ्यात मध्यवर्ती बँक किंवा तिची कंपनी. विकायची भाषा, किंमत आणि लागणारा वेळ तिन्हींचा निराळा. ब्राझीलचं पिक्स आणि केनियाचं एम-पेसा या तिथल्या पेमेंट यंत्रणांचीही तुलनेपुरती माहिती ठेवा.

पहिलीच नोकरी इंटरनॅशनल बीडीची मिळेल अशी आशा धरू नका. आत शिरायच्या वाटा म्हणजे मर्चंट ऑनबोर्डिंग (दुकानदार जोडून घेणं), सेटलमेंट आणि रिकन्सिलिएशन (पैसे चुकते करणं आणि हिशोब जुळवणं), रिस्क, किंवा इंटिग्रेशन सपोर्ट (तांत्रिक जोडणीला मदत). दोनेक वर्षं सेटलमेंटला काढलेला माणूस बीडीत गेला की त्याला गंडवता येत नाही. पुण्या-मुंबईला जाण्याआधी जळगावातच बँकेच्या परकीय चलन शाखेत, निर्यातदाराच्या डॉक्युमेंटेशनमध्ये किंवा कस्टम्स ब्रोकरकडे काम मिळत असेल तर ते कमी समजू नका. आयआयबीएफ या बँकिंग शिकवणाऱ्या संस्थेची एएमएल-केवायसी (मनी लाँडरिंग रोखणं आणि ग्राहकाची ओळख) परीक्षा स्वस्तात होते. महागडी आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटं कंपनीच्या खर्चाने करा.

कागदपत्रांत आपल्याकडची मुलं हमखास अडतात. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम उलटा आणि कधी वडिलांचं नाव गायब. विद्यापीठाचं नाव २०१८ मध्ये बदलून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. आधीच्या पदवीवर जुनं नाव असेल तर पार्श्वभूमी तपासणारी परदेशी एजन्सी ‘असं विद्यापीठ सापडत नाही’ म्हणून शेरा मारू शकते. नामांतराचा शासकीय कागद आणि नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. यूएईसाठी पदवी राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि मग त्यांचा दूतावास अशी साक्षांकित लागते. ऑफर हातात पडल्यावर धावपळ केली तर रुजू व्हायची तारीख हुकते. पासपोर्ट ६० पानांचा काढा. शेंगेनसाठी (युरोपातल्या सामाईक व्हिसासाठी) परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध लागतो, बरेच देश सहा महिने मागतात.

दुबई आपल्या दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. यूएईत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवार अर्धा दिवस, सौदीत मात्र शुक्रवार-शनिवार. गुरुवारी दुपारी रियाधला तातडीचा मेल टाकणाऱ्याला उत्तर रविवारी येतं. इंग्रजीच्या उच्चारांची धास्ती नको, कोणी मार्क देत नाही. लिहिणं मात्र सुधारा: बैठक संपल्यापासून तासाभरात काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे सहा ओळींत पाठवता आलं पाहिजे.

मुलाखतीला सीव्हीबरोबर दोन पानांचं टिपण न्या: एक कॉरिडॉर, ग्राहक कोण, आज तो कसा पैसे घेतो आणि त्याला किती पडतं, परवाना कोणाचा, पहिल्या वर्षी किती उलाढाल आणि त्यातून निव्वळ किती उरेल. आकडे गृहीत धरले असतील तिथे तसं लिहा. शेवटी ऑफर लेटर. इन्सेंटिव्ह सहीवर मिळतो, पहिल्या व्यवहारावर की उलाढालीवर, ते लेखी घ्या. बँकेशी केलेला करार चालू व्हायला वर्ष लागू शकतं; इन्सेंटिव्ह उलाढालीवर असेल आणि नोकरी सोडल्यावर तो बुडतो असं कलम असेल, तर पहिल्या वर्षी फक्त मूळ पगारावर भागेल का, ते पाहूनच सही करा.