टीव्हीवरची अलॉटमेंट आणि हातात आलेला प्लॉट: पहिल्या वर्षाचा हिशोब

ब्रिटनमध्ये अलॉटमेंटसाठी, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यासाठी, नाव नोंदवून अनेक जण वर्षानुवर्षं थांबलेले असतात, आणि तोवर बागकामाचे कार्यक्रम बघून तयारी करतात. किल्ली मिळते तेव्हा डोक्यात टीव्हीवरची बाग असते आणि समोर कमरेएवढं गवत. या दोन्हींतलं अंतर न जोखता कामाला लागलं, की जूनपर्यंत उमेद संपते. पण हे अंतर तास, लिटर आणि ढकलगाडीच्या खेपा यांत नीट मोजता येतं.

टीव्ही खोटं सांगत नाही, हे आधी मान्य करू. बी किती खोल पेरायचं, रोप कसं धरायचं, छाटणी कुठे करायची, हे सगळं तिथून जरूर शिकावं. गाळलं जातं ते दोन कृतींमधलं काम. शिवाय जागाही वेगळी असते. बीबीसीचा 'गार्डनर्स वर्ल्ड' 1968 पासून चालू आहे आणि 2011 पासून त्याचा मुख्य मुक्काम मॉन्टी डॉन यांच्या हेरेफर्डशरमधल्या घरच्या बागेत आहे. बाग दाराशी असली की सकाळच्या चहाबरोबर रोपांवरून नजर फिरते. 2014 साली बीबीसी टूवर आलेल्या 'द बिग अलॉटमेंट चॅलेंज'च्या नावातच अलॉटमेंट होती, पण चित्रीकरण झालं डॉर्सेटमधल्या मॅपर्टनच्या भिंतबंद बागेत. अशी भिंत वारा अडवते आणि दिवसभर घेतलेली ऊब रात्री परत देते. उघड्या माळावरच्या प्लॉटला यातलं काहीच मिळत नाही. म्हणून कार्यक्रम बघताना एक सवय लावून घ्या. दाखवलेली प्रत्येक गोष्ट विजेशिवाय, नळाला पाइप न जोडता, आठवड्यातून दोनदाच जाऊन जमेल का, हे विचारा. बहुतेक प्लॉटची परिस्थिती हीच असते.

जागेचं माप आधी समजून घ्या. पूर्ण प्लॉट परंपरेने 10 रॉडचा (रॉड हे जुनं इंग्रजी माप), म्हणजे साधारण 250 चौरस मीटर. आता पुष्कळ ठिकाणी अर्धा, 125 चौरस मीटरचा देतात. नवख्यासाठी तोच योग्य, आणि तोही पहिल्या वर्षी सगळा उघडायचा नाही. 1.2 मीटर रुंद आणि 6 मीटर लांब असे चार वाफे धरा. 29 चौरस मीटर होतात. बाकीची जमीन झाकून ठेवायची. झाकलेली जमीन लागवडीखाली धरतात का, हे करारनाम्यात बघा किंवा आधीच विचारून घ्या. पडीक प्लॉटला नोटीस येते आणि पाहणी करणाऱ्याला तुमच्या मनातलं नियोजन दिसत नसतं.

तण काढणं

टीव्हीवर रोटाव्हेटर एक फेरी मारतो आणि भुसभुशीत काळी माती दिसते. काउच ग्रास असलेल्या जमिनीत ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. काउच आपल्या हरळीसारखं जमिनीखालून पसरतं. पांढऱ्या, टोकदार, पेरं असलेल्या दोऱ्यांनी. त्या दोऱ्याचा पेर असलेला दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडाही फुटतो. रोटाव्हेटर एका दोऱ्याचे वीस तुकडे करून सगळीकडे पेरून देतो. तीन आठवडे जमीन सुंदर दिसते, मग हिरवी होते. बाइंडवीड या वेलीसारख्या तणाचंही तसंच.

उघडायच्या वाफ्यात हाताने असं काम करा:

1. गवत जमिनीलगत कापा. आधी काठीने चाचपून घ्या, जुन्या प्लॉटवर काचा आणि तारा हमखास निघतात.
2. माती ओलसर पण चिकट नसताना काम करा. मूठभर माती दाबून बोटाने टोचली की गोळा फुटला पाहिजे. लिंपणासारखी चिकटली तर त्या दिवशी खणू नका.
3. फावड्याऐवजी दातांचा फोर्क वापरा. फावडं दोरे कापतं, फोर्क ते उचलतो.
4. फोर्क पूर्ण आत घालून ढेकूळ उचला, झटका द्या आणि दोरा ज्या दिशेने जातो तिकडेच पुढे सरका. ओढू नका, तुटतो.
5. काढलेल्या मुळ्या कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. पाण्याने भरलेल्या बादलीत झाकण लावून दोनेक महिने कुजवा, मग ते पाणी आणि गाळ ढिगात चालतो.

दाट काउचमध्ये एका माणसाचं तासाला दोन-तीन चौरस मीटर होतं. म्हणजे चार वाफ्यांना दहा ते पंधरा तास, पाच-सहा शनिवार. कार्यक्रमात एवढ्या कामाला चाळीस सेकंद मिळतात.

उरलेली जमीन काळ्या, जाड सायलेज प्लॅस्टिकने (मुरघासावर घालतात त्या) झाका. निळी ताडपत्री घेऊ नका, तिच्यातून उजेड जातो आणि खाली तण मजेत वाढतं. विणलेल्या कापडाच्या कडा उसवतात आणि ते धागे पुढे वर्षानुवर्षं फोर्कला गुंडाळत राहतात. जुना गालिचा तर बऱ्याच ठिकाणी नियमानेच बंद आहे. प्लॅस्टिकच्या कडा 15 सेंटिमीटर खोल चरात पुरा. नुसत्या विटा ठेवल्या तर पहिल्याच वादळात प्लॅस्टिक शेजाऱ्याच्या प्लॉटवर जातं. फेब्रुवारीत झाकलं तर काउच मरायला उन्हाळ्याचा पूर्ण हंगाम जातो. बाइंडवीडला दोन हंगामही पुरत नाहीत. हॉर्सटेल हे तण झाकून जात नाही. त्याचे कोंब दिसले की तोडत राहणं, एवढंच हाती असतं. तोवर प्लॅस्टिकला 20 सेंटिमीटरची फुली कापून त्यात लाल भोपळ्याची दोन रोपं लावता येतात. जागा फुकट जात नाही.

खत: ढिगाचा हिशोब आणि एक चाचणी

खणू नका, वर पाच सेंटिमीटर कंपोस्ट पसरा, ही पद्धत हल्ली टीव्हीवर फार दिसते. पद्धत चांगली आहे, फक्त आकडा कोणी सांगत नाही. 125 चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर म्हणजे सव्वासहा घनमीटर. 50 लिटरच्या 125 पिशव्या, किंवा 85 लिटरच्या ढकलगाडीच्या सुमारे 73 खेपा, त्याही फाटकापासून. चार वाफ्यांपुरतं केलं तर 29 पिशव्या. थोडी जमीन उघडायची ती यासाठीही.

घोड्याच्या तबेल्यातलं शेणखत मिळालं तर घ्या, पण थेट वाफ्यात टाकू नका. कुरणातलं रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड हे तणनाशक वापरतात. ते गवतात टिकतं, घोड्याच्या पोटातून जातं आणि शेणात तसंच उतरतं. 2008 साली ब्रिटनभर प्लॉटवरचे बटाटे आणि टोमॅटो यामुळे वाकडेतिकडे झाले आणि त्या उत्पादनांची विक्री काही काळ थांबवावी लागली होती. चाचणी सोपी आहे. ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून खत घ्या, तेवढंच साधं कंपोस्ट मिसळा, तीन-चार कुंड्या भरा. दोन कुंड्यांत नुसतं कंपोस्ट ठेवा. सगळ्यांत ब्रॉड बीनच्या (वालासारखी एक शेंगभाजी) बिया लावा आणि प्रत्येक कुंडीखाली वेगळी बशी ठेवा, नाहीतर पाणी एकातून दुसरीत जाऊन निकाल बिघडतो. चार आठवड्यांनी शेंड्याची पानं बघा. खत दूषित असेल तर पान पसरत नाही, कडा आत वळून वाटीसारखं होतं, कधी नेच्याच्या कोंबासारखं गुंडाळतं. साध्या कंपोस्टमधली पानं सपाट आणि खतातली अशी असतील, तर तो ढीग परत करा.

पाणी

टीव्हीवर कुणी पाणी वाहताना क्वचितच दिसतं. प्लॉटवर हेच सगळ्यात जड काम. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा चौरस मीटर जागेला कोरड्या आठवड्यात 20 मिलिमीटर द्यायचं तर 200 लिटर, म्हणजे दहा लिटरच्या 20 झाऱ्या. टाकी 30 मीटरवर असेल तर दोन हातांत दोन झाऱ्या घेऊन दहा फेऱ्या, 600 मीटर चाल, त्यातली निम्मी 20 किलो वजन घेऊन. आणि ही जेमतेम दीड वाफ्याची जागा.

म्हणून सगळ्यांना थोडं थोडं पाणी शिंपडत बसू नका. वरची दोन सेंटिमीटर माती ओली होते, मुळं वर येतात आणि रोप आणखी तहानलेलं होतं. ज्याला त्याची वेळ साधून भरपूर द्या: मटार आणि फरसबीला फुलावर, बटाट्याला गोटीएवढे कंद धरल्यावर, पालेभाज्यांना नेहमी. पार्सनिप (गाजरासारखं पांढरट कंदमूळ) आणि कांदा एकदा रुजले की सहसा मागत नाहीत.

कोरड्या दिवसांत पेरणी अशी करा. काठीने दोन सेंटिमीटर खोल रेघ ओढा. झारीचा झारा काढून तोंडाला अंगठा लावा आणि रेघेतच बारीक धार सोडा, पाणी जिरलं की पुन्हा एकदा. रेघेचा तळ काळा, चकचकीत दिसला की बी टाका, आणि वरून बाजूची कोरडी माती ओढा. वर पाणी घालायचं नाही. खालचा ओलावा बियाला पुरतो, वरची कोरडी माती तो उडू देत नाही आणि पापडीही धरत नाही. गाजर आणि बिटाला हा प्रकार फार मानवतो.

तारखांपेक्षा माती

इस्टर आला की टीव्हीवर पेरणीची झुंबड उडते. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये तेव्हा माती दोन-तीन आठवडे मागे असते. साधा मातीचा थर्मामीटर सकाळी नऊला पाच सेंटिमीटर खोल खुपसा. 7 अंश टिकून असेल तर ब्रॉड बीन, मटार, बीट, गाजर पेरा. फरसबी आणि रनर बीन या वेलीवरच्या शेंगभाजीला 12 अंश हवेत. थंड, ओल्या मातीत बी कुजतं. कोर्जेट (झुकिनी), भोपळा, मका यांची रोपं शेवटचं हिमदव (फ्रॉस्ट) पडून गेल्यावरच बाहेर, दक्षिणेत साधारण मेच्या उत्तरार्धात, उत्तरेत जूनच्या सुरुवातीला. घाईत लावून गारठलेलं रोप पंधरा दिवसांनी लावलेल्याच्या मागे पडतं.

जे खातं आणि जे कुजवतं

बिनशंखी गोगलगायींसाठी अंड्याची टरफलं आणि तांब्याची पट्टी टीव्हीवर नेहमी दिसतात. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने लेट्यूसवर अशा अडथळ्यांची चाचणी घेतली तेव्हा नुकसानात फरक पडला नाही. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांवर 2022 च्या वसंतापासून बंदी आहे; शेडमध्ये जुना डबा असेल तर तो वापरू नका. रात्री बॅटरी घेऊन वेचायला बाग दाराशी लागते. प्लॉटवर त्यापेक्षा हे करा: बी थेट न पेरता रोप 8-10 सेंटिमीटरचं झाल्यावर लावा, पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घाला, वाफ्यांमध्ये फळ्या ठेवा आणि आलात की उलटून खाली जमलेल्या गोगलगायी उचला. नेमाटोड (गोगलगायी मारणारे सूक्ष्म कृमी) वापरायचे तर माती 5 अंशांच्या वर आणि ओली हवी. असर साधारण सहा आठवडे राहतो.

कोबीवर्गीय पिकांना जाळी पहिल्याच दिवसापासून. कबुतरं एका सकाळीत रोपाच्या नुसत्या शिरा ठेवतात. पांढऱ्या फुलपाखरासाठी जाळीचं भोक 7 मिलिमीटरपेक्षा मोठं नको, आणि जाळी पानांना टेकता कामा नये, नाहीतर ते वरूनच अंडी घालतं.

बटाट्याचा करपा मात्र टीव्हीवर क्वचितच पुरता दिसतो, कारण एका आठवड्यात हिरव्यागार वाफ्याची काळी चिखलासारखी रास होते. ब्रिटनमध्ये 2017 पासून हटन निकष वापरतात: सलग दोन दिवस किमान तापमान 10 अंश किंवा अधिक, आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास 90 टक्के आर्द्रता. असं हवामान आलं की पानं उलटून बघा. वर तपकिरी डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली तर त्याच दिवशी सगळा पाला जमिनीलगत कापून बाहेर काढा. कंद दोन आठवडे तसेच ठेवा. तोवर साल पक्की होते आणि मातीवर पडलेले बीजाणू मरतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे लवकर येणारे 'फर्स्ट अर्ली' वाण. मार्चअखेर 30 सेंटिमीटरवर लावले की जुलैत खाऊन होतात, करपा बहुधा नंतर येतो. उशिराचे बटाटे हवेच असतील तर 'सार्पो मिरा' हा करप्याला तग धरणारा वाण घ्या. उघड्यावरचे टोमॅटो याच रोगाने ऑगस्टमध्ये जातात. पहिल्या वर्षी त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

काय आणि किती

चार वाफ्यांत एक बटाट्याचा, एक मटार आणि फरसबीचा, एक कांदा-बिटाचा, चौथा पालेभाज्यांचा. कोर्जेटची दोनच रोपं, कुटुंब कितीही मोठं असो. फळ 10-15 सेंटिमीटरचं असताना दर दोन-तीन दिवसांनी तोडा. आठवडाभर राहिलं तर ते दुधीएवढं होतं आणि वेल नवी फुलं धरायचं थांबवतो. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस बाहेर जाणार असाल तर आदल्या दिवशी लहान फळं आणि फुलंही काढून टाका.

चौथ्या वाफ्यात आपल्या भाज्या घाला, या हवेत त्या छान येतात. मेथी मेपासून ऑगस्टपर्यंत दर तीन आठवड्यांनी मूठभर पेरा, चार-पाच आठवड्यांत जुडी निघते. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन फाकी करा, जागच्या जागी पेरा आणि रोप हलवू नका, हलवलं की फुलावर जातं. जूनच्या कडक उन्हातही तेच होतं; एप्रिल आणि ऑगस्टअखेरची पेरणी सगळ्यात जास्त दिवस पाला देते. लाल माठाला ऊब लागते, तो जून उजाडल्याशिवाय पेरू नका.