आधी चाक शोधा, मग एसटी बांधा

माझी पहिली एसटी, म्हणजे एसटी बसची घरी बांधलेली छोटी प्रतिकृती, बाटलीच्या झाकणांवर उभी होती. पुठ्ठ्याचा सांगाडा अंदाजपंचे दीड फुटाचा केला, लाल रंग फासला आणि मग चाकं शोधायला निघालो. त्या मापाची चाकं कुठेच मिळेनात. म्हणून नवीन माणसाला मी पहिल्यांदा हेच सांगतो: चाक हातात आल्याशिवाय कटर उचलू नका. बॉडी, खिडक्या, टपावरचं कॅरियर, मागची शिडी सगळं घरी जमतं. एकसारखी सहा चाकं आणि वर एक स्टेपनी, हे घरी जमत नाही.

एसटीच्या टायरचा व्यास साधारण एक मीटर. मला एका मोडक्या खेळण्यातल्या ट्रकची ३२ मिलिमीटरची चाकं मिळाली, म्हणजे प्रमाण ठरलं १:३२, खऱ्या गाडीचा बत्तिसावा भाग. दहा मीटरची गाडी ३१ सेंटिमीटर, अडीच मीटरची रुंदी पावणेआठ. बाकीची मापंही चाकावरूनच काढा. स्टँडवर मोजपट्टी घेऊन गाडीला चिकटलात तर ड्रायव्हर विचारपूस करतो, आणि तेवढ्यात गाडी सुटते. त्यापेक्षा लांब उभं राहून, झूम करून, अगदी बाजूने फोटो घ्या. जवळून काढला तर मधल्या खिडक्या फुगतात, टोकाच्या आक्रसतात. मग फोटोतलं चाक मोजायचं, खिडकी मोजायची आणि शाळेतलं त्रैराशिक मांडायचं.

पाटीवरचा नंबरही मनाने लिहू नका. एसटीच्या पुण्यातल्या दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेल्या जुन्या गाड्यांवर बहुधा एमएच १२ किंवा १४, छत्रपती संभाजीनगरातल्या चिकलठाण्याच्या गाड्यांवर एमएच २०. जाणकार माणूस आधी तिथेच बघतो.

बांधायचं नाही, नुसतं जमवायचं आहे? मग १:४३ बरं, पद्मिनी नऊ सेंटिमीटरची होते आणि कपाटात मावते. पद्मिनी ज्या गाडीवरून आली त्या फियाट ११००चं इटालियन मॉडेल घेऊन मुंबईची काळी-पिवळी करणार असाल, तर स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणावं लागतं आणि डाव्या बाजूला बाहेर मीटर बसवावा लागतो. खरी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, त्यामुळे मापाला जुने फोटोच.

आता पुन्हा एसटी. बॉडीला ३ मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे हलका फोमचा बोर्ड, घ्या. थर्माकोल नको, स्प्रेने तो विरघळतो. खिडक्यांना ओएचपी शीट, म्हणजे प्रोजेक्टरची पारदर्शक प्लास्टिक शीट. माझी दुसरी गाडी इथेच बिघडली. काचा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावल्या आणि सकाळी बघतो तर सगळ्या काचांवर पांढरं धुकं! त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते. महाबळेश्वरची गाडी म्हणून खपवता आली असती, पण नाही. तेव्हापासून काचांना पांढरा फेव्हिकॉल. वाळायला वेळ घेतो, पण काच स्वच्छ राहते.

रंगात आधी पांढरा प्रायमर, करड्यावर लाल मळकट दिसतो. मग पिवळा पट्टा, त्यावर टेप लावून लाल. उलट केलंत तर पिवळ्याखालून लाल डोकावत राहतो. आणि पावसाळ्यात स्प्रे मारूच नका, दमट हवेत रंगावर दुधाळ पापुद्रा येतो. ते चार महिने आसनं कापत बसा. एका गाडीला चाळीसच्या वर लागतात.