वाळवलेला ताग किती वेळ कोरडा राहतो?

तागाचं कापड आणि पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची फिल्म एकाआड एक रचून हॉट प्रेसमध्ये, म्हणजे दोन तापलेल्या पाट्यांमध्ये, दाबायची, एवढंच माझं काम होतं. तरी चार महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

कापड मी १०५ अंशांवर रात्रभर वाळवायचे. सकाळी बाहेर काढून टेबलावर कापायचे, थर रचायचे, मग प्रेस तापवायला लावायचे. यात पाऊण तास सहज जायचा. ताकद मोजायला सॅम्पल ताणून तोडलं की तुटलेल्या कडेवर उघडे, गुळगुळीत तंतू बाहेर आलेले आणि प्लास्टिकमध्ये बारीक गोल पोकळ्या दिसायच्या. तंतू प्लास्टिकला धरतच नव्हते. सरांनी सांगितलं, कॉस्टिक (ताग ज्यात आधी धुतो तो कॉस्टिक सोडा) वाढव. मी ५ टक्क्यांवरून १० वर गेले, तर तंतूच कमकुवत झाले. ज्यांनी स्वतः कधी साचा घासलेला नाही, त्यांचा असला सल्ला लगेच अमलात आणू नका.

शेवटी एकदा ओव्हनमधून काढलेला तुकडा सहज वजनकाट्यावर ठेवला. आकडा थांबेना, माझ्या डोळ्यांदेखत चढत राहिला. ताग हवेतलं पाणी ओढून घेत होता. ६५ टक्के आर्द्रतेत तो वजनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतो. प्रेसच्या १८० अंशांना त्याची वाफ होते आणि ती वितळलेल्या प्लास्टिकमध्ये अडकते. माझ्या त्या पोकळ्या म्हणजे हीच वाफ.

म्हणून कापणं वाळवण्याच्या आधी उरका. वजन स्थिर होईपर्यंत वाळवा; घड्याळावर जाऊ नका. प्रेस आधीच तापलेला हवा. तुकडे ओव्हनमधून थेट प्रेसमध्ये, नाहीतर डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात. टेबलावर अजिबात नाही, ‘दोनच मिनिटं’सुद्धा नाही. आणि पोकळ्या दिसतात म्हणून तापमान वाढवू नका. २०० च्या पुढे सेल्युलोज करपायला लागतं.

ओलावा गेला तरी चिकटणं कमी वाटलं, तर मॅलिक अॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन (तंतू आणि प्लास्टिक यांची पकड वाढवणारं) थोडं मिसळा. त्याने खरंच फरक पडतो.

टेस्टिंगला घाबरू नका. किमान पाच सॅम्पल लागतात, पण आठ कापा. ग्रिपपाशी, म्हणजे यंत्राच्या पकडीजवळ, तुटलेलं हिशेबात धरायचं नाही, आकडा कितीही छान आला तरी. पहिल्या खेपेला आकडे विखुरलेले येतील. नैसर्गिक तंतूची जाडी जागोजागी बदलते, त्यात तुमचा दोष नाही. फक्त प्रत्येक सॅम्पलच्या नोंदीत ओव्हनमधून काढल्याची आणि प्रेस मिटून दाब दिल्याची वेळ लिहा. माझ्या जुन्या वहीत नेमका तोच रकाना नव्हता.