एकच लेख, नावं अनेक: कंटेंट मार्केटिंगच्या शब्दांचा गुंता कसा सोडवावा

एजन्सीच्या कोटेशनमध्ये ‘ब्रँडेड कंटेंट’, ‘नेटिव्ह’, ‘इनबाउंड’ आणि ‘कंटेंट स्ट्रॅटेजी’ अशा चार ओळी आणि चार दर दिसले, की लोक व्याख्या शोधू लागतात. त्यातून फारसं हाती लागत नाही, कारण जो तो आपल्याला सोयीची व्याख्या वापरतो. त्यापेक्षा एक तक्ता आखा. डावीकडे शब्द आणि पुढे चार रकाने: मजकूर कोणाच्या जागेवर दिसणार, त्या जागेचे पैसे कोण कोणाला देणार, अंतिम मजकुराला मंजुरी कोणाची, आणि महिनाअखेरीला मोजायचं काय. दोन ओळींचे चारही रकाने सारखे भरले गेले, तर काम एकच आहे. त्याचे पैसे दोनदा देऊ नका.

समजा, नाशिककडे ठिबक संच विकणारी एक कंपनी आहे आणि ‘द्राक्षबागेला ठिबकमधून विद्राव्य खतं कधी द्यावीत’ असा ८०० शब्दांचा लेख तिच्याकडे तयार आहे. तो स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सॲप चॅनलवर नियमित मालिकेचा भाग म्हणून दिला, तर ते कंटेंट मार्केटिंग. जॉन डिअर कंपनीचं ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचं मासिक १८९५ पासून हेच करत आलं आहे. नाव खूप नंतर रूढ झालं. तोच लेख वर्तमानपत्रात जागा विकत घेऊन, बातमीसारख्या मांडणीत छापला तर ॲडव्हर्टोरियल. बातम्यांच्या पोर्टलवर इतर मथळ्यांच्या रांगेत, त्यांच्याच रूपात पैसे देऊन बसवला तर नेटिव्ह ॲड. ‘नेटिव्ह’ हा शब्द दिसण्यापुरता आहे: आजूबाजूच्या मजकुरासारखी दिसणारी जाहिरात. म्हणून ॲडव्हर्टोरियल हा नेटिव्हचाच एक प्रकार धरायला हरकत नाही.

‘स्पॉन्सर्ड’ आणि ‘ब्रँडेड’ या दोघांत सर्वात जास्त गोंधळ होतो आणि तिथे तिसरा रकाना कामी येतो. द्राक्षावरची मालिका संपादकांनी स्वतः ठरवली, लिहिली आणि कंपनीने फक्त ‘सौजन्य’ म्हणून पैसे दिले, तर ते प्रायोजकत्व. मजकूर कंपनीने मंजूर केल्याशिवाय जात नसेल, तर तो ब्रँडेड. नाव काहीही द्या, ती जाहिरात आहे आणि तसा ठळक उल्लेख हवा. पैसे घेऊन, उल्लेख न करता बातमी म्हणून छापलं तर तिला आपल्याकडे ‘पेड न्यूज’ म्हणतात. प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये यावर अहवालच दिला होता. संपादकाने विषय चांगला वाटला म्हणून एक पैसाही न घेता दखल घेतली, तर ती अर्न्ड मीडिया. पीआर एजन्सी आपली फी घेते ती प्रयत्नांची. छापून येण्याची हमी देत असेल, तर दुसरा रकाना पुन्हा तपासा.

मजकूर आणि त्याचं वितरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याच पानावरची पोस्ट ‘बूस्ट’ केली, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवली, तर मजकूर ओन्ड (स्वतःच्या जागेवरचा) राहतो, पण पोच पेड (विकतची) होते. अहवालात हे दोन्ही आकडे एकत्र दाखवले, की ‘ऑरगॅनिक’ म्हणजे पैसे न देता झालेली वाढ फुगलेली दिसते. ते वेगळे मागा.

इन्फ्लुएन्सरच्या व्हिडिओत आता नियमही आले आहेत. जाहिरात मानक परिषदेच्या (आस्की) २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुकट दिलेला संचही आर्थिक संबंधात मोडतो. ‘जाहिरात’ हे लेबल प्रेक्षकाला कळेल अशा भाषेत आणि ‘आणखी पाहा’ न दाबता दिसलं पाहिजे. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ते किमान ३ सेकंद हवं. त्याहून मोठ्या, पण २ मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. वीस हॅशटॅगच्या तळाशी दडवलेलं लेबल धरलं जात नाही. ‘यूजीसी’ची (यूजर जनरेटेड कंटेंट) गंमत वेगळीच. ग्राहकाने आपणहून टाकलेला मजकूर असा त्याचा मूळ अर्थ, पण बाजारात आता पैसे घेऊन ग्राहकासारखा व्हिडिओ बनवून देण्यालाही यूजीसीच म्हणतात. (विद्यापीठ अनुदान आयोगाचा यात काही हात नाही.) दर विचारण्याआधी यातलं कोणतं ते विचारा.

लेखात दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून तुमच्याकडे येणारी लिंक विकत घेतली असेल, तर तिच्या कोडमधल्या ‘rel’ या खुणेत ‘sponsored’ (स्पॉन्सर्ड) असं लिहायला सांगा; लिंक विकतची आहे हे सर्च इंजिनला त्यातून कळतं. गुगलने ते २०१९ मध्ये आणलं. ते किंवा ‘nofollow’ ही जुनी खूण न लावता विकत घेतलेल्या लिंका गुगलच्या स्पॅम धोरणात बसत नाहीत.

‘कंटेंट स्ट्रॅटेजी’ मागितली आणि हाती गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंतच्या शुभेच्छांची तीस ओळींची एक्सेल फाइल आली, हा अनुभव नवा नाही. ते फक्त कॅलेंडर. कंटेंट स्ट्रॅटेजीत कंपनीचा सगळाच मजकूर येतो: उत्पादनाची पानं, हमीपत्र, मदतीची पानं, फॉर्मवरच्या सूचना. त्यातून असलेल्या पानांची यादी, कोणतं ठेवायचं-काढायचं याचा निर्णय, शैलीपुस्तिका आणि कोणतं पान कोण, कधी अद्ययावत करणार याची नोंद मिळायला हवी. कंटेंट मार्केटिंगची स्ट्रॅटेजी त्याहून लहान: कोणत्या शेतकऱ्यासाठी, कोणते विषय, कुठे आणि कशासाठी.

इनबाउंड म्हणजे ग्राहक आपणहून तुमच्याकडे यावा अशी व्यवस्था. हा शब्द हबस्पॉट या २००६ साली सुरू झालेल्या मार्केटिंग सॉफ्टवेअर कंपनीने प्रचलित केला. त्यात लेखांबरोबर फॉर्म, ईमेलची मालिका आणि विक्री विभागाकडे जाणारी नोंदही येते. फक्त लेख मिळत असतील, तर इनबाउंडचा दर देऊ नका. ‘स्टोरीटेलिंग’ (गोष्टीतून सांगणं) आणि ‘थॉट लीडरशिप’ (क्षेत्रातला जाणकार म्हणून मत मांडणं) यांना बिलात वेगळी ओळच नको. तो लिहिण्याचा ढंग आहे, काम नव्हे.

शेवटी कॉपीरायटिंग आणि कॉपीराइट. पहिलं म्हणजे विकण्यासाठीचं लेखन, दुसरा लेखनाचा हक्क. नोकरीत नसलेल्या लेखकाकडून लिहून घेतलेल्या मजकुराचा हक्क १९५७ च्या कायद्यानुसार सहसा त्याच्याकडेच राहतो, तुम्ही पैसे दिले तरी. हस्तांतरण लेखी हवं. त्यात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षं, आणि प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत असं धरलं जातं. त्यामुळे तक्त्याचे चार रकाने भरल्यावर करारात या दोन ओळी घाला आणि मगच ॲडव्हान्स पाठवा.