शुश्रूषागृहातील रुग्णांची औषधे पाकीटबंद करताना

आठवड्याचे पाकीट भरायला घेण्यापूर्वी डॉक्टरांची ताजी चिठ्ठी आणि रुग्णाचा औषधतक्ता शेजारी ठेवून औषधाचे नाव, मात्रा व वेळ ताडून पाहावी. मागच्या आठवड्याच्या पाकिटावरून नवे भरण्याची सवय सोयीची वाटली तरी घातक असते. एका पाकिटात एकाच रुग्णाची औषधे असावीत आणि लेबलावर त्याचे पूर्ण नाव, प्रत्येक गोळीचे नाव व मात्रा, घेण्याची वेळ आणि भरल्याची तारीख स्पष्ट लिहावी. दोन पांढऱ्या गोल गोळ्या शेजारी आल्या की अनुभवी परिचारिकाही चकते, म्हणून गोळीचा रंग, आकार व तिच्यावरील खूणही नोंदवावी.

सगळीच औषधे पाकिटाच्या कप्प्यांत घालता येत नाहीत. हृदयविकाराने छातीत दुखू लागल्यास जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी मूळ काचेच्या बाटलीतच राहू द्यावी, पाण्यात विरघळवायच्या गोळ्या ओलाव्यापासून जपाव्यात, आणि गरजेपुरती द्यायची वेदनाशामके वेगळी ठेवावीत. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच दिले जाते. ते चुकून रोज दिले गेल्यास जिवावर बेतू शकते, त्यामुळे ते स्वतंत्र पाकिटात, ठरलेला वार ठळक लिहूनच पाठवावे.

भरलेले पाकीट दुसऱ्या व्यक्तीने तपासून सही करावी. इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, पण न गोठवता पोहोचवाव्यात.