फॉर्म्युल्याने वर्गसमीकरण कसं सोडवायचं

अवयव पटकन पडले तर वर्गसमीकरण दोन ओळीत सुटतं, पण नाही पडले की दहावीची मुलं अडकून बसतात, आणि तिथे फॉर्म्युलाच वापरायचा कारण तो कुठल्याही वर्गसमीकरणाला चालतो. ठाण्यात शिकवताना मी कायम बघतो, फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, मार्क जातात ते प्लस मायनसमध्ये.

उदाहरणच घेऊ. समजा घणसोलीतल्या सोसायटीत ६५ चौरस मीटरचं आयताकृती गार्डन करायचंय, लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ मीटरने कमी. रुंदी एक्स धरा, मग लांबी झाली २एक्स − ३, दोघांचा गुणाकार ६५. सगळं डावीकडे आणा, उजवीकडे फक्त शून्य ठेवा:

२एक्स² − ३एक्स − ६५ = ०

आता एक्स² चा गुणक ए, एक्सचा गुणक बी आणि सुटी संख्या सी, हे वेगळ्या ओळीत चिन्हासकट लिहा, ए = २, बी = −३, सी = −६५. ही ओळ वाचवायला जाऊ नका!

मग विवेचक, म्हणजे डेल्टा, आधी एकटाच काढा:

बी² − ४ × ए × सी = (−३)² − ४ × २ × (−६५) = ९ + ५२० = ५२९

कंस टाकायचेच, ते गाळले की ५२० च्या आधी मायनस येतो आणि चांगलं गणित हातचं जातं. डेल्टा खरंच मायनस आला तर वास्तव मुळं (म्हणजे एक्सची उत्तरं) नाहीत असं लिहून थांबा, शून्य आला तर दोन्ही मुळं सारखी.

इथे √५२९ = २३, आता फॉर्म्युला:

एक्स = (−बी ± √डेल्टा) ÷ (२ × ए) = (३ ± २३) ÷ ४

बी मायनस होता म्हणून −बी प्लस झाला, आणि भागाकाराची रेघ −बी च्या खालूनसुद्धा गेली पाहिजे, नुसत्या वर्गमुळाखाली नाही. उत्तरं ६.५ आणि −५, रुंदी मायनस नसते म्हणून ६.५ मीटर, लांबी १० मीटर.

हे २३ आणि ४ येतात कुठून ते एकदा बघाच, मग पाठांतराची भीती राहत नाही. युक्ती जुने गणिती श्रीधराचार्यांची, भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात त्यांच्या नावाने दिलीय: दोन्ही बाजूंना ४ × ए ने गुणा आणि बी² मिळवा. आपल्या समीकरणाला ८ ने गुणलं आणि सुटी संख्या उजवीकडे नेली की १६एक्स² − २४एक्स = ५२०, त्यात ९ मिळवले की डावीकडे पूर्ण वर्ग तयार, (४एक्स − ३)² = ५२९, म्हणजे ४एक्स − ३ = ±२३. बस, फॉर्म्युला म्हणजे हेच, फक्त आकड्यांच्या जागी अक्षरं.

वर्गमूळ पूर्ण निघालं नाही, समजा √२० आलं, तर २√५ लिहून सोडा, दशांशात जायची गरज नाही.

पेपरात वेळ उरला तर मुळांची बेरीज −बी ÷ ए येते का बघा, इथे ६.५ − ५ = १.५ आणि ३ ÷ २ पण १.५, गुणाकार सी ÷ ए, म्हणजे −३२.५, तोही जुळतो.